तंतुकणिकाविरहित पेशींमधील श्वसन

तंतुकणिका हे पेशीअंगक नसलेल्या पेशी ज्या प्रक्रियांनी अन्नद्रव्यांतील रासायनिक ऊर्जा मुक्त करतात व वापरण्याजोग्या रूपात साठवतात, त्यांना एकत्रितपणे तंतुकणिकाविरहित पेशींमधील श्वसन असे म्हणता येते. सर्व जीवाणू व आर्किया, सस्तन प्राण्यांच्या परिपक्व तांबड्या रक्तपेशी आणि काही एकपेशीय दृश्यकेंद्रकी सजीव यांचा अशा पेशींत समावेश होतो.

तंतुकणिकेला पेशीचे ऊर्जाकेंद्र म्हटले जाते. त्यामुळे ती नसलेल्या पेशींत श्वसन होत नसावे, किंवा झालेच तर ते अपुरे असावे, असा समज होतो. वस्तुतः श्वसनासाठी जे अनिवार्य आहे ते तंतुकणिका हे अंगक नसून इलेक्ट्रॉन वाहून नेणारी प्रथिने धारण करणारे एक अखंड पटल आहे. जीवाणूंमध्ये हे काम पेशीभोवतीचे प्रद्रव्यपटलच करते. म्हणून अनेक जीवाणू ग्लुकोजचे पूर्ण ऑक्सिडीकरण करू शकतात. याउलट तांबड्या रक्तपेशीत तंतुकणिका नाही आणि तिच्या प्रद्रव्यपटलात श्वसनाची साखळीही नाही. त्यामुळे तिला केवळ ग्लायकोलायसिसवर अवलंबून राहावे लागते.

संज्ञा व संकल्पना

सजीवांच्या पेशी अन्नातील ऊर्जा थेट वापरत नाहीत. ती आधी ॲडेनोसिन ट्रायफॉस्फेट, संक्षेपाने एटीपी, या रेणूत साठवली जाते. या रेणूचा शोध कार्ल लोमान यांनी १९२९ मध्ये लावला. एटीपीचा टोकाचा फॉस्फेट गट सुटला की ऊर्जा उपलब्ध होते. उरलेल्या एडीपी रेणूला पुन्हा फॉस्फेट जोडून एटीपी तयार करावा लागतो. पेशीतील एटीपीचा साठा अत्यल्प असल्याने हे चक्र अखंड चालू राहणे पेशीच्या जिवंतपणाची अट आहे.

एडीपीला फॉस्फेट जोडण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत अन्नद्रव्याच्या विघटनातून बनलेल्या एखाद्या उच्च ऊर्जेच्या रेणूवरील फॉस्फेट गट विकरांच्या साहाय्याने थेट एडीपीवर हस्तांतरित होतो. यासाठी पटलाची गरज नसते. दुसऱ्या पद्धतीत अन्नद्रव्यातून काढलेले इलेक्ट्रॉन पटलातील प्रथिनांच्या साखळीतून वाहतात, त्या ओघात प्रोटॉन पटलापलीकडे ढकलले जातात आणि ते परत येताना एटीपी बनतो. यासाठी पटल अपरिहार्य असते.

काटेकोर जैवरासायनिक अर्थाने श्वसन ही संज्ञा दुसऱ्या पद्धतीसाठी वापरतात. साखळीच्या शेवटी इलेक्ट्रॉन स्वीकारणारा पदार्थ ऑक्सिजन असेल तर ते ऑक्सिश्वसन आणि नायट्रेट, सल्फेट यांसारखा दुसरा पदार्थ असेल तर ते विनॉक्सिश्वसन होय. ज्या प्रक्रियेत अशी साखळी नसते आणि अन्नापासून बनलेला सेंद्रिय रेणूच इलेक्ट्रॉन परत घेतो, तिला किण्वन म्हणतात. शालेय पाठ्यपुस्तकांत मात्र किण्वनाचाही समावेश विनॉक्सिश्वसनात केला जातो. दोन्ही वापर रूढ असल्याने संदर्भ पाहून अर्थ घ्यावा लागतो. प्रस्तुत लेखात काटेकोर अर्थ स्वीकारला आहे.

ग्लायकोलायसिस : समान पहिला टप्पा

ग्लायकोलायसिस म्हणजे ग्लुकोजच्या सहा कार्बनी रेणूचे पायरुविक आम्लाच्या दोन तीन कार्बनी रेणूंत होणारे विघटन. दहा पायऱ्यांची ही प्रक्रिया पेशीद्रव्यात घडते. ती तंतुकणिकेबाहेरच होत असल्याने तंतुकणिका असणे वा नसणे याचा तिच्यावर थेट परिणाम होत नाही. आरंभी एटीपीचे २ रेणू खर्च होतात, पुढे ४ तयार होतात. निव्वळ लाभ २ रेणूंचा असतो. याच ओघात एनएडी या सहविकराचे २ रेणू इलेक्ट्रॉन स्वीकारून एनएडीएच बनतात.

जिवंत पेशीशिवायही हे विघटन होऊ शकते, हे एडुआर्ट बुखनर यांनी १८९७ मध्ये किण्वाच्या पेशी चिरडून काढलेल्या रसाने दाखवून दिले. त्याबद्दल त्यांना १९०७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढील चार दशकांत आर्थर हार्डन, गुस्टाफ एम्बडेन, ओटो मायरहोफ, याकुब पार्नास इत्यादींच्या संशोधनातून सर्व पायऱ्या उलगडल्या. म्हणून या मार्गाला एम्बडेन–मायरहोफ–पार्नास मार्ग असेही म्हणतात. काही जीवाणू एंटनर–डूडोरॉफ हा वेगळा मार्ग वापरतात. त्यात ग्लुकोजच्या एका रेणूमागे एटीपीचा निव्वळ एकच रेणू मिळतो.

ग्लायकोलायसिसपुढे एक अडचण असते. पेशीतील एनएडीचा साठा मर्यादित असतो. सगळा एनएडी इलेक्ट्रॉनांनी भरून एनएडीएच बनला की ग्लुकोज शिल्लक असूनही प्रक्रिया थांबते. एनएडीएचवरील इलेक्ट्रॉन कोठेतरी उतरवणे भाग असते. ते कोठे उतरवले जातात, यावरून तंतुकणिकाविरहित पेशींचे ऊर्जामार्ग निश्चित होतात.

| मार्ग | इलेक्ट्रॉनांचा अंतिम स्वीकारक | एटीपी निर्मितीचे मुख्य स्थान | उदाहरण |
|---|---|---|---|
| ऑक्सिश्वसन | ऑक्सिजन | जीवाणूचे प्रद्रव्यपटल | क्षयाचा जीवाणू |
| विनॉक्सिश्वसन | नायट्रेट, सल्फेट, लोह इत्यादी | जीवाणूचे किंवा आर्कियाचे प्रद्रव्यपटल | सल्फेट-क्षपणक जीवाणू |
| लॅक्टिक किण्वन | पायरुविक आम्ल | पेशीद्रव्य | दह्यातील जीवाणू, तांबडी रक्तपेशी |
| हायड्रोजन निर्माण करणारे किण्वन | प्रोटॉन | पेशीद्रव्य व हायड्रोजेनोसोम | ट्रायकोमोनास |

जीवाणूंमधील ऑक्सिश्वसन

ऑक्सिश्वसन करणाऱ्या जीवाणूंत पायरुविक आम्लाचे ॲसेटिल-कोएन्झाइम-ए मध्ये रूपांतर आणि त्यापुढील क्रेब चक्र या दोन्ही प्रक्रिया पेशीद्रव्यात होतात. दृश्यकेंद्रकी पेशीत याच प्रक्रिया तंतुकणिकेच्या आतील द्रव्यात घडतात. चक्रातून बाहेर पडलेले इलेक्ट्रॉन जीवाणूच्या प्रद्रव्यपटलातील इलेक्ट्रॉन परिवहन साखळीकडे जातात. इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जाताना मुक्त होणाऱ्या ऊर्जेने पेशीतील प्रोटॉन पटलाबाहेर ढकलले जातात. परिणामी पटलाच्या बाहेरील बाजूस प्रोटॉनांची संहती वाढते व दोन्ही बाजूंच्या विद्युतभारांत तफावत निर्माण होते.

ही तफावत म्हणजे साठवलेली ऊर्जाच असते. धरणात अडवलेले पाणी जसे झोतयंत्र फिरवून वीज निर्माण करते, तसे बाहेर साठलेले प्रोटॉन एटीपी संश्लेषक या विकरातून आत येताना त्याचा काही भाग प्रत्यक्ष फिरवतात आणि त्या फिरण्यातून एटीपी तयार होतो. पीटर मिचेल यांनी ही कल्पना १९६१ मध्ये मांडली. सुरुवातीला तिला मोठा विरोध झाला, परंतु प्रयोगांती ती मान्य होऊन त्यांना १९७८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. संश्लेषक विकराची कार्यपद्धती व रचना स्पष्ट केल्याबद्दल पॉल बॉयर व जॉन वॉकर यांना १९९७ मध्ये हेच पारितोषिक विभागून मिळाले. त्याच वर्षी हिरोयुकी नोजी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या विकराचे फिरणे सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहिले. त्यांनी वापरलेले विकर उष्ण पाण्यात राहणाऱ्या एका जीवाणूचे होते.

जीवाणूंची श्वसनसाखळी तंतुकणिकेतील साखळीपेक्षा लवचीक असते. मानवी आतड्यात राहणाऱ्या एश्चेरिशिया कोलाय या जीवाणूत ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देणारी एकाहून अधिक विकरे असतात. ऑक्सिजन मुबलक असताना जे विकर काम करते ते प्रोटॉन पंपाचेही काम करते. ऑक्सिजन विरळ झाल्यावर पेशी दुसरे विकर तयार करते. ते ऑक्सिजनला अधिक घट्ट पकडते, परंतु त्यातून मिळणारी ऊर्जा तुलनेने कमी असते. ऑक्सिजन पूर्ण संपला आणि नायट्रेट उपलब्ध असेल तर तोच जीवाणू नायट्रेटच्या साहाय्याने श्वसन करतो. तेही नसेल तर किण्वनाकडे वळतो.

प्रोटॉनांची ही तफावत केवळ एटीपीसाठी वापरली जात नाही. अनेक जीवाणूंची कशाभिका प्रोटॉनांच्या प्रवाहानेच फिरते व जीवाणू पोहतो. अन्नद्रव्ये पेशीत ओढून घेण्यासाठीही ती उपयोगी पडते.

एटीपीचे प्रमाण

जुन्या पाठ्यपुस्तकांत ग्लुकोजच्या एका रेणूपासून जीवाणूंना ३८ आणि दृश्यकेंद्रकी पेशींना ३६ किंवा ३८ एटीपी रेणू मिळतात, असे दिलेले असते. जीवाणूत ग्लायकोलायसिसमधील एनएडीएचचे इलेक्ट्रॉन तंतुकणिकेच्या पटलातून आत नेण्याचा खर्च नसतो, हे या फरकामागील कारण सांगितले जाते. मात्र ही संख्या सैद्धांतिक कमाल आहे. आधुनिक गणनेनुसार दृश्यकेंद्रकी पेशींत ती सुमारे ३० ते ३२ येते.

जीवाणूंबाबत एकच संख्या देता येत नाही, कारण साखळीतील प्रथिने व संश्लेषक विकराची रचना जातीनुसार बदलते. संश्लेषकाच्या एका पूर्ण फेऱ्यात एटीपीचे ३ रेणू बनतात. त्या फेऱ्यासाठी गाईच्या तंतुकणिकेत ८ प्रोटॉन लागतात, तर एश्चेरिशिया कोलायमध्ये १०. म्हणजे तेवढ्याच एटीपीसाठी या जीवाणूला अधिक प्रोटॉन खर्चावे लागतात.

ऑक्सिजनेतर स्वीकारक आणि विनॉक्सिश्वसन

ऑक्सिजनकडे इलेक्ट्रॉन ओढून घेण्याची क्षमता खूप असल्याने ऑक्सिश्वसनातून सर्वाधिक ऊर्जा मिळते. परंतु गाळ, पाणथळ जमीन, प्राण्यांची आतडी, खोल समुद्रतळ अशा ठिकाणी ऑक्सिजन नसतो. तेथील आदिकेंद्रकी सजीव उपलब्ध असलेला दुसरा स्वीकारक वापरतात.

ऑक्सिजननंतर ऊर्जेच्या दृष्टीने फायदेशीर स्वीकारक म्हणजे नायट्रेट. पॅराकॉकस आणि स्यूडोमोनास या प्रजातींतील काही जीवाणू नायट्रेटचे टप्प्याटप्प्याने क्षपण करून नायट्रोजन वायू बनवतात. या प्रक्रियेस विनायट्रीकरण म्हणतात. पाणी साचलेल्या भातशेतीत दिलेल्या नत्रखताचा काही अंश यामुळे हवेत निघून जातो. त्यासोबत बाहेर पडणारा नायट्रस ऑक्साइड हा प्रभावी हरितगृह वायू आहे.

जिओबॅक्टर व शेवानेला हे जीवाणू लोहाच्या ऑक्साइडवर श्वसन करतात. हे ऑक्साइड घन व पाण्यात जवळजवळ न विरघळणारे असल्याने ते पेशीत घेता येत नाही. म्हणून हे जीवाणू प्रथिनांच्या साखळीद्वारे इलेक्ट्रॉन पेशीबाहेर नेऊन खनिजाला देतात. सल्फेट-क्षपणक जीवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात. खाडीतील काळ्या चिखलाला येणारा सडक्या अंड्यासारखा वास या वायूचा असतो.

मिथेनजनक सजीव हे जीवाणू नसून आर्किया आहेत. त्यांपैकी अनेक हायड्रोजनमधील इलेक्ट्रॉन कार्बन डायऑक्साइडला देऊन मिथेन तयार करतात. इतर काही ॲसेटिक आम्लाचे विघटन करतात. या मार्गात ऊर्जा फारच थोडी मिळते, तरीही पटलाच्या दोन बाजूंस आयनांची तफावत निर्माण करून एटीपी बनवण्याचे मूलतत्त्व तेच राहते. गोबरवायू संयंत्रातील ज्वलनशील वायू याच श्वसनाचे फलित आहे. शेणातील जटिल पदार्थांचे किण्वन इतर जीवाणू करतात आणि त्या किण्वनाचे अवशेष मिथेनजनकांचे अन्न ठरतात. टाकीत हवा शिरली तर मिथेनजनकांचे कार्य मंदावते, म्हणून संयंत्र हवाबंद ठेवतात.

किण्वन

श्वसनसाखळी नसेल किंवा स्वीकारक उपलब्ध नसेल, तर एनएडीएचवरील इलेक्ट्रॉन पायरुविक आम्लाला किंवा त्यापासून बनलेल्या रेणूला दिले जातात. यातून नवा एटीपी फारसा मिळत नाही. एनएडी मोकळा होऊन ग्लायकोलायसिस चालू राहणे हा मुख्य लाभ असतो.

ग्लुकोजच्या संपूर्ण ऑक्सिडीकरणातून प्रतिमोल सुमारे २,८७० किलोज्यूल ऊर्जा मुक्त होऊ शकते, तर लॅक्टिक आम्लापर्यंतच्या किण्वनातून सुमारे २०० किलोज्यूल. उरलेली ऊर्जा लॅक्टिक आम्लातच राहते. म्हणून किण्वन करणाऱ्या पेशींना तेवढ्याच एटीपीसाठी कितीतरी अधिक साखर लागते आणि त्यांच्याभोवती आम्ल, अल्कोहोल किंवा वायू झपाट्याने साठतो.

दह्यातील जीवाणू दुधातील शर्करेपासून लॅक्टिक आम्ल बनवतात. त्यामुळे दूध आंबट होऊन घट्ट होते. इडलीच्या पिठातील ल्यूकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस हा जीवाणू लॅक्टिक आम्लासोबत कार्बन डायऑक्साइडही निर्माण करतो. तांदूळ व उडदाचे पीठ रात्रभरात फुगते ते मुख्यतः या वायूमुळे. ताकाशी व चीजशी संबंधित असलेल्या लॅक्टोकॉकस लॅक्टिस या जीवाणूला हीम हा घटक स्वतः बनवता येत नाही, म्हणून तो एरवी किण्वनच करतो. बाहेरून हीम पुरवल्यास मात्र त्याच्या पटलातील अपूर्ण साखळी पूर्ण होते आणि तो ऑक्सिजनच्या साहाय्याने श्वसन करू लागतो.

किण्वन केवळ तंतुकणिकाविरहित पेशींतच होते असे नाही. पाव फुगवणाऱ्या किण्वाच्या पेशीत तंतुकणिका असतात, तसेच जोरदार व्यायामात स्नायूंच्या पेशीही लॅक्टिक आम्ल बनवतात.

तांबड्या रक्तपेशी

मानवासह सस्तन प्राण्यांची तांबडी रक्तपेशी अस्थिमज्जेत तयार होताना तिच्यात केंद्रक व तंतुकणिका दोन्ही असतात. परिपक्व होताना केंद्रक बाहेर टाकले जाते आणि तंतुकणिकांचे पेशीतच विघटन केले जाते. पक्ष्यांच्या तांबड्या रक्तपेशींत मात्र केंद्रक व तंतुकणिका टिकून राहतात. सस्तन प्राण्यांतील या बदलाने हिमोग्लोबिनला अधिक जागा मिळते. शिवाय जी पेशी इतरांसाठी ऑक्सिजन वाहून नेते, ती स्वतः तो खर्च करत नाही.

या पेशीची ऊर्जेची गरज कमी असली तरी शून्य नसते. सोडियम पेशीबाहेर व पोटॅशियम आत ठेवणारा पंप सतत चालवावा लागतो. तो थांबल्यास पेशी पाणी शोषून फुगते. या पंपाच्या शोधाबद्दल येन्स स्कू यांना १९९७ चे रसायनशास्त्राचे अर्धे नोबेल पारितोषिक मिळाले होते. उरलेले अर्धे बॉयर व वॉकर यांनी विभागून घेतले. याशिवाय ७ ते ८ मायक्रोमीटर व्यासाच्या या पेशीला त्याहून अरुंद केशवाहिन्यांतून जावे लागते. त्यासाठी लागणारा पटलाचा लवचीकपणा टिकवण्यासही एटीपी खर्च होतो.

पेशीतील ग्लुकोजपैकी बहुतांश भाग ग्लायकोलायसिसकडे जातो आणि लॅक्टिक आम्ल बनून रक्तात मिसळतो. यकृत ते घेऊन पुन्हा ग्लुकोज तयार करते. कार्ल व गर्टी कोरी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चक्रात ग्लुकोज बनवण्याचा खर्च यकृताच्या तंतुकणिका उचलतात. अशा रीतीने तांबड्या रक्तपेशीची तंतुकणिकांची उणीव दुसऱ्या अवयवाच्या तंतुकणिका काही अंशी भरून काढतात.

ग्लायकोलायसिसला या पेशीत दोन उपमार्ग जोडलेले आहेत. एका उपमार्गात २,३-बिसफॉस्फोग्लिसरेट हा रेणू तयार होतो. तो हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरील पकड सैल करतो व त्यामुळे ऊतींना ऑक्सिजन सहज मिळतो. उंच पर्वतीय प्रदेशात गेल्यावर त्याचे प्रमाण वाढते. मात्र हा रेणू बनवताना एटीपी देणारी एक पायरी वगळली जाते. म्हणजे ऊतींना ऑक्सिजन सहज मिळावा म्हणून ही पेशी आपल्या तुटपुंज्या एटीपीतील काही भाग सोडून देते. दुसरा उपमार्ग पेन्टोज फॉस्फेट मार्ग होय. तो एटीपी देत नाही, परंतु ऑक्सिजनच्या क्रियाशील रूपांपासून हिमोग्लोबिनचे रक्षण करणारा एनएडीपीएच हा रेणू पुरवतो.

पर्यायी मार्ग नसल्यामुळे एका विकराची कमतरताही या पेशीला भोवते. पायरुव्हेट कायनेज या ग्लायकोलायसिसमधील विकराची आनुवंशिक कमतरता असल्यास एटीपी अपुरा पडून पेशी लवकर नष्ट होतात व रक्तक्षय होतो. पेन्टोज फॉस्फेट मार्गातील जीसिक्सपीडी या विकराची कमतरता जगात सुमारे ४० कोटी लोकांत आढळते. अशा व्यक्तींना हिवतापावरील प्रायमाक्विन हे औषध दिल्यास तांबड्या रक्तपेशी मोठ्या प्रमाणावर फुटू शकतात.

रक्तपेढीतील रक्ताची मुदतही याच ऊर्जामार्गाशी निगडित आहे. साठवलेल्या पिशवीतही पेशी ग्लायकोलायसिस करत राहतात. ग्लुकोज कमी होतो, लॅक्टिक आम्ल साठते, एटीपी व २,३-बिसफॉस्फोग्लिसरेट घटतात. २ ते ६ अंश सेल्सियस तापमानात ही गती मंदावते. द्रावणात ग्लुकोजसोबत ॲडेनिन घातल्याने एटीपी टिकून राहण्यास मदत होते. वापरलेल्या द्रावणानुसार ही मुदत साधारणपणे ३५ किंवा ४२ दिवसांची असते. शरीरात या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवस असते.

तंतुकणिका गमावलेले दृश्यकेंद्रकी सजीव

आमांशास कारणीभूत होणारा एन्टामीबा हिस्टोलिटिका, अतिसार घडवणारा जिआर्डिया आणि जननमार्गाच्या संसर्गास कारण असलेला ट्रायकोमोनास व्हजायनॅलिस या परजीवींत नेहमीच्या तंतुकणिका आढळत नाहीत. टॉम कॅव्हेलियर-स्मिथ यांनी १९८३ मध्ये अशा काही सजीवांसाठी आर्किझोआ हा गट सुचवला. तंतुकणिका निर्माण होण्यापूर्वीच्या दृश्यकेंद्रकी सजीवांचे हे वंशज असावेत, अशी त्यामागील कल्पना होती.

पुढील संशोधनाने ही कल्पना मागे पडली. लिंडमार्क व म्युलर यांनी १९७३ मध्येच ट्रायकोमोनाससदृश परजीवीत हायड्रोजन वायू सोडणारे एक अंगक वर्णिले होते. त्याला हायड्रोजेनोसोम म्हणतात. त्यात पायरुविक आम्लाचे विघटन होऊन फॉस्फेटच्या थेट हस्तांतरणाने एटीपी बनतो आणि नकोसे इलेक्ट्रॉन प्रोटॉनांना देऊन हायड्रोजन वायू बाहेर टाकला जातो. गाईगुरांच्या पहिल्या जठरकप्प्यातील काही एकपेशीय सजीव व कवके यांतही अशी अंगके असतात. एन्टामीबात १९९९ मध्ये व जिआर्डियात २००३ मध्ये मायटोसोम हे अतिसूक्ष्म अंगक आढळले. ते एटीपी बनवत नाही. जिआर्डियात ते लोह व गंधक यांचे प्रथिनांना लागणारे संयुक्त गट तयार करते. प्रथिनांच्या पुराव्यांवरून हायड्रोजेनोसोम व मायटोसोम ही तंतुकणिकेचीच बदललेली रूपे असल्याचे दिसून आले.

या परजीवींनी ग्लायकोलायसिसमध्येही काटकसर साधली आहे. एका पायरीत एटीपीऐवजी पायरोफॉस्फेट हा साधा अजैव रेणू वापरून ते एटीपीची बचत करतात.

तंतुकणिकेचा कोणताही अवशेष नसलेला दृश्यकेंद्रकी सजीव प्रथम २०१६ मध्ये वर्णिला गेला. आना कार्नकोव्स्का, व्लादिमीर हाम्पल व सहकाऱ्यांनी चिंचिला या कृंतक प्राण्याच्या आतड्यातील मोनोसर्कोमोनॉइडिस या एकपेशीय सजीवाच्या जनुकसंचाचा अभ्यास केला. त्यात तंतुकणिकेशी निगडित प्रथिनांची जनुके सापडली नाहीत. लोह-गंधक गट तयार करण्याचे काम जीवाणूंकडून मिळालेली प्रथिने पेशीद्रव्यातच करतात. ऊर्जेसाठी हा सजीव ग्लायकोलायसिस व आर्जिनिन या अमिनो आम्लाचे विघटन यांचा उपयोग करतो. साल्मन माशांवरील हेनेग्युया साल्मिनिकोला या सूक्ष्म परजीवी प्राण्याने तंतुकणिकेचा जनुकसंच गमावला असल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात तंतुकणिकासदृश अंगक मात्र शिल्लक आहे.

उत्क्रांतीच्या दृष्टीने

तंतुकणिका एकेकाळी स्वतंत्रपणे जगणारे जीवाणू होते, हा अंतःसहजीवनाचा सिद्धांत लिन मार्गुलिस यांनी १९६७ मध्ये नव्याने मांडला. तंतुकणिकेला स्वतःचा वर्तुळाकार डीएनए असतो, तिचे रायबोसोम जीवाणूंच्या रायबोसोमशी साम्य दाखवतात आणि तिच्या आतील पटलातील श्वसनसाखळीही ऑक्सिश्वसन करणाऱ्या जीवाणूंच्या साखळीसारखीच असते. या पुराव्यांमुळे हा सिद्धांत आज सर्वमान्य आहे. तंतुकणिकेचे पूर्वज आल्फाप्रोटिओबॅक्टेरिया या गटाशी संबंधित मानले जातात.

त्यामुळे जीवाणू तंतुकणिकेविना श्वसन कसे करतात, या प्रश्नाचा क्रम उलटा लावणे अधिक योग्य ठरते. पटलावरील श्वसन मुळात जीवाणूंत विकसित झाले आणि तंतुकणिकेच्या रूपाने दृश्यकेंद्रकी पेशींना मिळाले. तंतुकणिकाविरहित पेशी दोन भिन्न प्रकारच्या आहेत, हेही यावरून स्पष्ट होते. जीवाणू व आर्किया यांच्यात ती कधीच नव्हती, तर तांबड्या रक्तपेशीत ती परिपक्वतेच्या ओघात आणि काही परजीवींत उत्क्रांतीच्या ओघात नाहीशी झाली.

वैद्यकीय महत्त्व

मानवी पेशी व रोगकारक पेशी यांच्या ऊर्जामार्गांतील फरक हा अनेक औषधांचा पाया आहे. मेट्रोनिडाझोल हे औषध मूळ रूपात फारसे विषारी नसते. एन्टामीबा, जिआर्डिया, ट्रायकोमोनास व ऑक्सिजनविना जगणारे जीवाणू पायरुविक आम्लाच्या विघटनात फेरेडॉक्सिनसारखी प्रथिने वापरतात. ही प्रथिने औषधाला इलेक्ट्रॉन देतात व त्यातून बनलेली क्रियाशील रूपे रोगकारकाच्या डीएनएची हानी करतात. मानवी तंतुकणिकेत पायरुविक आम्लाचे विघटन वेगळ्या विकरसमूहाद्वारे होत असल्याने मानवी पेशींत हे औषध त्या प्रमाणात सक्रिय होत नाही.

क्षयरोगाचा मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिस हा जीवाणू ऑक्सिश्वसनावर अवलंबून असतो. फुप्फुसात सुप्तावस्थेत असतानाही त्याला थोडाफार एटीपी लागतोच. बेडाक्विलिन हे औषध त्याच्या एटीपी संश्लेषक विकराला अडवते. मानवी तंतुकणिकेतील संश्लेषक रचनेने मिळताजुळता असला तरी त्यावर या औषधाचा परिणाम खूपच कमी होतो. अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळालेले हे औषध चार दशकांहून अधिक काळानंतर आलेल्या नव्या वर्गातील क्षयविरोधी औषध होते. बहुऔषध-प्रतिरोधी क्षयरोगावर पूर्वी दीड ते दोन वर्षे उपचार घ्यावे लागत व त्यांत दीर्घकाळ इंजेक्शनेही असत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये बेडाक्विलिनचा समावेश असलेल्या, केवळ तोंडावाटे घ्यावयाच्या सहा महिन्यांच्या उपचाराची शिफारस केली.

हेही पाहा

तंतुकणिका
ग्लायकोलायसिस
क्रेब चक्र
एटीपी संश्लेषक
किण्वन
अंतःसहजीवन सिद्धांत
तांबड्या रक्तपेशी